एकमेव प्रत

“बाई गेलेल्या असल्या तर जास्त सोपं जाईल,” विजयकर म्हणाले आणि त्यांनी फियाटचा गिअर बदलला.

वसई फाटा मागे पडला होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते, आणि त्यांच्या त्या वाक्याचं मला फारसं काही वाटलं नाही. गाण्यांच्या जुन्या तबकड्या जमवणारे लोक असंच बोलतात. माणूस गेला की घरच्यांना माळा रिकामा करायचा असतो, आणि रिकाम्या होणाऱ्या प्रत्येक माळ्याखाली हे हात पसरून उभे असतात. मी स्वतः तेव्हा तशी उभी राहायला शिकत होते.

श्रीनाथ विजयकर गामदेवीला राहत. घर पिढीजात, बायको नाही, मूल नाही. होत्या त्या भिंतीभर तबकड्या. त्यांचा नाद जरा वेगळा होता. नाट्यगीतं, ठुमऱ्या, सिनेमाची गाणी ह्यांना ते हात लावत नसत. त्यांना हवं असे ‘सोल’. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधला आकांत उचलून प्रेमाच्या गाण्यात ओतला, ते गाणं. साठ-सत्तरच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत गोव्याची, वसईची, बांद्र्याची पोरं हे गाणं गायची, आणि त्यातल्या काहींनी पदरमोड करून आपल्या छोट्या तबकड्याही काढल्या होत्या. त्या कुणी घेतल्या नाहीत. म्हणूनच विजयकरांना त्या हव्या होत्या.

मी दादरच्या एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायची. साबणाच्या आणि मसाल्याच्या जाहिराती. शनिवारी दुपारी सुटी झाली की गामदेवीला जायची. विजयकर मला ‘कर्णिक’ म्हणत. मुलगी असून मी मुलांसारखी तारा जोडते, ह्याचं त्यांना कौतुक होतं. एका शनिवारी त्यांनी एक तबकडी लावली. लेबलावर फक्त एवढंच होतं: ‘ई. लोपीस आणि द टाइडमेन’. एका बाजूला इंग्रजी गाणं होतं, बरंसं. मग त्यांनी तबकडी उलटली आणि म्हणाले, “आता गप्प बसा.”

मराठी गाणं होतं. ऑर्गन चर्चमधला, ड्रम हॉटेलातला, आणि बाईचा आवाज. ‘पाणी गेलं परत, तू नाही आलास, होडीला सांगू काय, वाळूत बसली ती.’ एवढेच शब्द फिरून फिरून येत होते. पण तिसऱ्यांदा ‘होडीला’ म्हणताना तो आवाज मध्येच फाटायचा, आणि फाटल्यावर सावरण्याऐवजी ती बाई त्या फाटलेल्या जागेवरच उभी राहायची. मराठीत असं कुणी गायलेलं मी ऐकलं नव्हतं. आजही ऐकलेलं नाही.

“जगात ही एकच प्रत शिल्लक आहे,” विजयकर म्हणाले. “चोरबाजारात मिळाली. परदेशातले लोक पत्रांवर पत्रं पाठवतात. बाई कोण, हे कुणालाच माहीत नाही.”

माहीत करून घेतलं मी. आमच्या स्टुडिओत ऑब्रे फर्टाडो नावाचे एक म्हातारे ड्रमर जाहिरातींसाठी येत. त्यांना सहज विचारलं तर ते हसायलाच लागले. “ई. लोपीस? अगं, एस्थर ती! टाइडमेनमध्ये मीच होतो वर्षभर. वसईची पोर. गिरीजला घर. जिवंत आहे की नाही, देव जाणे.”

मी धावत जाऊन विजयकरांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते उडीच मारतील. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “ठीक. जाऊन बघू.”

तर असे आम्ही निघालो होतो.

एस्थर लोपीस जिवंत होत्या. गिरीजला चर्चवरून डावीकडे वळलं की विहीर, विहिरीपुढे त्यांचं कौलारू घर. अंगणात बांबूच्या मांडवावर राजेळी केळी सोलून सुकायला घातली होती. वर जाळी, आणि जाळीवर माश्या. निळा फ्रॉक घातलेली एक काळीसावळी, उंच बाई माश्या हाकत होती. पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड, कानांत सोन्याच्या कुड्या.

“लोपीसबाई आहेत का?” मी विचारलं.

“मीच. केळी हवीत?”

“नाही. तुम्ही गायचात ना?”

त्यांनी हातातला फडका खांद्यावर टाकला, आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी त्यांना फार जुन्या पत्त्यावर आलेली वाटले असणार.

“बाय, तू कोणाची?” त्यांनी विचारलं.

आम्ही व्हरांड्यात बसलो. त्यांची भाची जेनेट पाणी घेऊन आली. तिचं लग्न ठरलं होतं, म्हणून ती मावशीकडे येऊन-जाऊन असे. विजयकरांनी आपली ओळख फार सुंदर करून दिली. त्यांचा आवाज गोड, मराठी स्वच्छ, बोलताना ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत. “तुमच्या आवाजाने माझी झोप उडवलीय बाई,” ते म्हणाले. एस्थरबाई लाजल्या. खरोखर लाजल्या, पदर नसताना पदर शोधावा तसा त्यांचा हात गळ्याशी गेला.

“ते गाणं तुमचंच?” मी विचारलं.

“माझंच. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका गातात ना, तशी चाल डोक्यात होती. बँडमास्तर म्हणाला, हे काय गावठी? मी म्हटलं, तू ऑर्गन वाजव.” त्या हसल्या. “तबकडी काढली, दुकानात ठेवली. दुकानदाराने सगळ्या परत पाठवल्या. मग बँडमास्तर कॅनडाला गेला. हॉटेलवाला म्हणाला, जरा उजळ पोरगी हवी, लोक खाता खाता बघतात. मी आले घरी. आई आजारी होती. केळी होती. झालं.”

“परत पाठवलेल्या तबकड्या?” विजयकरांनी विचारलं. ते फार हळू बोलले.

“आहेत की. माळ्यावर.”

मी विजयकरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला आनंद समजले. जेनेट शिडी लावून चढली आणि एक पत्र्याची पेटी ढकलत ढकलत कडेपर्यंत आणली. मी खालून धरली. झाकण उघडलं, आणि साध्या कागदी पाकिटांतल्या तबकड्या उभ्या रांगेत लागलेल्या दिसल्या. पेटी गच्च भरलेली. एकही वाजवलेली नाही. अंगठ्याचा ठसासुद्धा नाही कुठे.

“ऐकता कधी?” मी विचारलं.

“कशावर ऐकू? यंत्र कुठे आहे? हॉटेल सोडलं त्यानंतर ऐकलंच नाही. तुझ्याकडे बघून आता वाटतं, तेव्हा बरं गायले असेन.”

विजयकरांनी पेटीचं झाकण अलगद बंद केलं. “बाई, मी सांगतो ते ऐका. ह्या गाण्यांचे वेडे लोक लंडनला आहेत, अमेरिकेत आहेत. मी ह्या तिथे पाठवतो. रेडिओवर लागेल. लोक पुन्हा छापतील. तुमचं नाव होईल.”

“आता नाव करून काय करू?” त्या म्हणाल्या, पण डोळे पेटीवरून हलेनात.

“एक तरी तुमच्याकडे ठेवा,” मी म्हटलं.

“सगळ्या एकत्र राहिल्या तर बरं,” विजयकर म्हणाले. “संच मोडू नये.”

“घेऊन जा,” एस्थरबाई म्हणाल्या. “इथे वाळवी खाईल. तिथे कुणीतरी ऐकेल तरी.” आणि त्या आत गेल्या. आल्या त्या वाळक्या केळीच्या पानांत बांधलेला सुकेळ्यांचा जुडगा घेऊन. “साहेब, वाटेत खा. माझ्या हातची आहेत.”

पेटी डिकीत ठेवताना विजयकरांनी तिच्याखाली आपला कोट घडी करून घातला, धक्के बसू नयेत म्हणून. मी ते पाहिलं, आणि मला ह्या माणसाचा अभिमान वाटला.

खाडीपुलाच्या अलीकडे एक बंद टपरी होती. तिच्यासमोर त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, इंजिन तापलं. ते उतरले, पेटी डिकीतून उचलून मागच्या सीटवर आणली, शेजारी बसले. मांडीवर वर्तमानपत्र पसरलं. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. तबकडीच्या यंत्राची सुई नीट बसवायला ते नेहमी जवळ बाळगत तो, लाकडी मुठीचा, बोटाएवढा.

“कर्णिक, काच खाली करा. उकडतंय.”

मग त्यांनी पहिली तबकडी पाकिटातून काढली आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर ओढला.

तो आवाज मला लिहिता येणार नाही. पाटीवर नख ओढल्यासारखा म्हणतात, पण पाटी कोरडी असते. हा ओलसर होता. काळी बारीक कुरळी साल निघाली आणि वर्तमानपत्रावर पडली. त्यांनी दुसरी रेघ ओढली, तिसरी ओढली. तबकडी उलटून मागच्या बाजूला तेच. मग ती नीट पाकिटात घालून बाजूला ठेवली आणि पुढची काढली.

“काय करताय?” माझ्या तोंडून निघालं.

“मोडायला गेलं तर वाकते. हात कापतो,” ते म्हणाले. “हे बरं.”

“अहो, पण तुम्ही लंडनला...”

“कर्णिक, शहाण्या आहात तुम्ही. पेटीभर असल्या तर ती रद्दी. एक असली तर ती वस्तू. इतकी वर्षं मी ती एक सांभाळली. आता ह्या बाईच्या माळ्याने मला रद्दीवाला करायचं का?”

मी मागे वाकून त्यांच्या हातातली तबकडी ओढली. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड लोखंडाची. तबकडी माझ्या हातात होती खरी, पण तिच्यावर रेघ आधीच पडली होती. मी सोडून दिली.

ते घाईत नव्हते, ह्याची मला सगळ्यात जास्त किळस आली. संताप नाही, दुःख नाही. भाजी निवडावी तसं चाललं होतं. मध्येच थांबून त्यांनी सुकेळ्यांचा जुडगा सोडला. एक सुकेळं काढलं. बोटांना काळी साल चिकटली होती ती त्यांनी रुमालाला पुसली, पण नीट गेली नाही, आणि त्याच बोटांनी ते चिकट, मधाळ सुकेळं त्यांनी चावून चावून खाल्लं.

“छान झालीत,” ते म्हणाले. “घ्या ना.”

मी दार उघडून बाहेर पडले आणि टपरीच्या मागे जाऊन ओकले. परत आले तोवर ते कचऱ्याच्या ढिगावर पेटी उपडी करत होते. पेटी मात्र त्यांनी परत गाडीत ठेवली. चांगली होती म्हणाले.

“बसा,” ते म्हणाले.

“मी येत नाही.”

“रागावू नका. दहा वर्षांनी तुम्हीही हेच कराल.” त्यांनी काच वर केली आणि ते पूल ओलांडून निघून गेले.

मी ढिगाजवळ गेले. एकेक पाकीट उघडून पाहिलं, एखादी सुटली असेल म्हणून. त्यांच्या हातून काहीही सुटत नसे.

मिळेल त्या वाहनाने मी परत गिरीजला आले. ऊन उतरलं होतं. एस्थरबाई सुकत घातलेली केळी उचलून टोपलीत भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, “काय विसरलीस, बाय?”

मी सांगितलं. जसं झालं तसं, काही न झाकता. त्यांनी केळी उचलणं थांबवलं नाही.

“सगळ्या?”

“हो.”

“आणि त्याने खायला नेलेली सुकेळी?”

“ती खाल्ली.”

त्यांनी टोपली खाली ठेवली. “पण कशाला गं? मी काय केलं त्याचं?”

“एकच उरली की तिची किंमत वाढते, म्हणून.”

एस्थरबाई मांडवाच्या बांबूला टेकून उभ्या राहिल्या. बागेत कुणाचा तरी पंप चालू होता. “एकच असली की किंमत,” त्या म्हणाल्या. “मग मी काय दोन आहे? मी पण एकच आहे की.”

मी गामदेवीला जाणं सोडलं. विजयकरांनी स्टुडिओत एकदा फोन केला. मी उचलून ठेवून दिला. पण काही आठवड्यांनी सकाळी वर्तमानपत्रात, शहरातल्या कार्यक्रमांच्या रकान्यात, मला एक चौकट दिसली. ‘कै. एस्थर लोपीस: एका हरवलेल्या आवाजाची जगातील एकमेव ध्वनिमुद्रिका. श्रवण आणि निवेदन: श्रीनाथ विजयकर.’ गिरगावातल्या एका संस्थेचं सभागृह, रविवार, सायंकाळ.

‘कै.’ ह्या अक्षरावर मी बोट ठेवलं. छपाईची चूक असेल, असं क्षणभर वाटलंही. मग फियाटमधलं ते पहिलं वाक्य आता पूर्ण अर्थासकट कानात वाजलं.

कात्रण घेऊन मी वसईला गेले. एस्थरबाईंनी चष्मा लावून वाचलं. मग विचारलं, “कै. म्हणजे?”

“कैलासवासी.”

“कैलासात?” त्या म्हणाल्या. “आम्हाला कैलासात कोण घेतं?” आणि हसता हसता त्यांचा चेहरा मिटला. “कधी आहे हे? मी येते.”

“कशाला? तुम्हाला त्रास होईल.”

“स्वतःचं मयत बघायला मिळतं कुणाला? येते मी. आणि गाणं लावणार आहे ना तो? मला ऐकायचंय.”

सभागृह भरलं होतं. तबकड्यावाले सगळे आले होते, पुण्याहून, बडोद्याहून. शिवाय अशा कार्यक्रमांना येणारी ती गिरगावातली, दादरची चांगली माणसं, खादीचे झब्बे, सुती साड्या. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. एस्थरबाईंनी करड्या रंगाचा फ्रॉक घातला होता आणि मांडीवर कापडी पिशवी होती. येताना त्यांनी बाजारातून माठाच्या भाजीची जुडी घेतली होती, ती पिशवीतून डोकावत होती.

मंचावर यंत्र होतं, समईही होती, आणि एका चौकटीत कुणा अनोळखी बाईचा धूसर फोटो. फोटोला हार होता.

विजयकर बोलले. काय बोलले! चोरबाजारातली ती दुपार. मग वर्षानुवर्षांचा शोध. “आणि शेवटी मी वसईला पोचलो,” ते म्हणाले. “विहीर होती. घर होतं. अंगणात केळी सुकत होती. पण ज्या हातांनी ती सुकत घालायची, ते हात नव्हते. गावकऱ्यांनी मला दफनभूमीत नेलं. एक मोडका क्रूस, त्यावर नावही नव्हतं.” इथे त्यांनी काळी साल पुसलेला तोच रुमाल काढून डोळे पुसले. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई मुसमुसायला लागली.

मी एस्थरबाईंकडे पाहिलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेजारच्या घरातली गोष्ट ऐकावी तशा.

मग विजयकरांनी तबकडी लावली.

ऑर्गन सुरू झाला, तेव्हा एस्थरबाईंनी माझा हात धरला. आवाज आला, आणि त्यांची बोटं माझ्या हातात रुतली. ‘पाणी गेलं परत’ ह्या ओळीला त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा ‘होडीला’ आलं, आवाज फाटला, त्या फाटलेल्या जागेवर ती चोवीस-पंचवीसची पोर उभी राहिली, आणि माझ्या शेजारच्या बाईने डोळे मिटून घेतले.

“बरं गायले होते गं,” गाणं संपल्यावर त्या मला म्हणाल्या. मग उठल्या.

मधल्या वाटेने त्या मंचापर्यंत गेल्या. पिशवी खांद्याला. लोकांना वाटलं, हार घालायला निघाल्या असतील. मंचापाशी थांबून त्या म्हणाल्या, “साहेब, मी एस्थर.”

विजयकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. एक क्षणभरच काहीतरी हललं त्यांच्या चेहऱ्यावर. मग दोन्ही हात जोडून त्याच गोड आवाजात ते म्हणाले, “बाई, आपला काहीतरी गैरसमज होतोय. ह्या बाईंना मी ओळखत नाही. कुणीतरी त्यांना पाणी द्या.”

दोन कार्यकर्ते पुढे सरकले. मी उभी राहिले. इतक्या माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला.

“मी ओळखते,” मी म्हटलं. “मीच विजयकरांना बाईंच्या घरी घेऊन गेले होते. ह्यांनी पाणी घेतलं, सुकेळी घेतली. बाईंनी माळ्यावरची पेटीभर तबकड्या विश्वासाने दिल्या. हे म्हणाले, लंडनला पाठवतो. आणि खाडीच्या पुलाशी गाडीत बसून, स्क्रू-ड्रायव्हरने त्यांनी एकेक खरवडून टाकली. मी पाहिलंय. ही बाई जिवंत आहे. तुम्ही आत्ता तिच्याच नावाने रडलात.”

पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, आता हे लोक उठतील. कुणीतरी ओरडेल, निदान ‘छी’ म्हणेल.

दुसऱ्या रांगेतून एक गृहस्थ अर्धवट उठले. पुण्याचे, तबकड्यांच्या जगात मोठं नाव.

“म्हणजे,” त्यांनी विचारलं, “आता खरोखरच ही एकच उरली?”

आणि सभागृहात कुजबूज सुरू झाली. ती हळहळ नव्हती. मी त्या लोकांत दोन वर्षं वावरले होते, तो सूर मी ओळखत होते. लिलावात बोली वर चढताना जी कुजबूज होते, ती होती. विजयकरांनी मान किंचित लववली. नाकारलं नाही. मला तर त्या माणसाच्या ओठांच्या कडेला समाधान दिसलं.

एस्थरबाई मागे वळल्या आणि त्या सगळ्या चेहऱ्यांकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं. मग मंचाच्या दोन पायऱ्या चढल्या, यंत्राचा दांडा उचलला आणि तबकडी काढली. चक्क पंजाने, जेवायचं ताट उचलावं तशी.

“अहो, कडेला धरा!” विजयकर किंचाळले. “बोटं लावू नका! बोटं!”

त्या संध्याकाळचं त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक खरं वाक्य असावं.

“माझी आहे,” एस्थरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तबकडी पिशवीत टाकली, भाजीच्या जुडीशेजारी. भाजीच्या मुळांना ओली माती होती. सभागृहातून एकदम ‘अरेरे’ असा उद्गार आला. हळहळ ती आत्ता निघाली.

आम्ही जिना उतरलो तर पाच-सहा जण मागे. विजयकर नव्हते त्यांत. ते मंचावर खुर्ची धरून उभे होते, असं नंतर कळलं. जिन्यात पुण्याचे गृहस्थ एस्थरबाईंच्या पुढे होऊन म्हणाले, “बाई, मी फार अदबीने हाताळीन ती. माझं कार्ड ठेवा.” दुसरा म्हणाला, “आधी माझ्याशी बोला.” कुणीतरी पिशवीचं तोंड किंचित रुंद करून आत डोकावलं. एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “पुसून घेतली तर माती जाईल ना?”

“सरका,” एस्थरबाई म्हणाल्या. “मेलेल्या बाईला वाट द्या.”

टॅक्सीत बसल्यावर त्यांना रडू फुटलं. थोडा वेळच. मग त्यांनी फ्रॉकच्या कडेने तोंड पुसलं आणि विचारलं, “तुझ्या स्टुडिओत यंत्र असेल ना जुनं? जेनेटचं लग्न आहे.”

यंत्र मी दिलं. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात आधी बायकांनी आपली गाणी म्हटली. मग एस्थरबाईंनी तबकडी लावली, आणि ती संपली की पोरं पुन्हा लावा म्हणून ओरडायची. कुणी नाचता नाचता टेबलाला धक्का दिला, सुई घसरली. कुणाचा तरी पेला तिच्यावर कलंडला. एस्थरबाईंनी ती फ्रॉकला पुसली आणि परत लावली. ‘होडीला’ आलं की अख्खा मांडव तिथे मुद्दाम घसा फाडून ओरडत होता, आणि त्या हसून हसून खुर्चीत मागे रेलत होत्या. नंतर गावात ज्याच्या घरी लग्न, बारसं, सण असेल तिथे ती तबकडी आणि ते यंत्र जाऊ लागलं. दोन वर्षांत त्यातून गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची. मग फक्त खरखर.

मी एकदा म्हटलं होतं, स्टुडिओत आणा, टेपवर उतरवून ठेवते. एस्थरबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “नको. मग तिच्या प्रती निघतील आणि कुणीतरी त्या खरवडायला येईल.” मी पुन्हा विचारलं नाही.

विजयकरांचं पुढे काय झालं, मी चौकशी केली नाही. माझ्याकडच्या तबकड्या मी ऑब्रेच्या नातवाला देऊन टाकल्या. पण गोष्ट पसरलीच. अजूनही फोन येतात. लंडनहून, ओसाकाहून, पुण्याहून तर फार. आवाज सगळ्यांचे गोड, बोलणं अदबीचं. लोपीसबाईंची तबकडी कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, असं विचारतात. एस्थरबाई कशा आहेत, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

मी सांगते, वाजवून वाजवून संपली.

मग बहुतेक जण विचारतात, “बरं, पाकीट तरी आहे का?”